क्षमेचा अधिकार : मर्जी की न्याय?

(एस. वाय. बी. ए.)

खालच्या कोर्टाने गुन्हा शाबीत धरला, उच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली, सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळले, की सारे संपले असे आपण समजतो. पण आपल्या राज्यघटनेने यानंतरही एक दार उघडे ठेवले आहे. ते न्यायालयाचे दार नव्हे. ते राज्यपालांचे आणि राष्ट्रपतींचे दार आहे. तेथे वकिलांचा युक्तिवाद होत नाही, साक्षीपुरावा होत नाही, उघड सुनावणीही होत नाही. तेथे जातो तो केवळ एक अर्ज, आणि त्या अर्जाला आपण नाव दिले आहे : दयेचा अर्ज.

राज्यशास्त्राच्या तासाला घटनेची ७२ व १६१ ही कलमे शिकताना माझ्या मनात प्रश्न आला, की ज्या शिक्षेचा विचार न्यायाधीशांनी वर्षानुवर्षे पुरावा तपासून केला, ती एका सहीने बदलण्याचा अधिकार राष्ट्रप्रमुखाला असावा काय? कायद्यापुढे सारे समान म्हणायचे, आणि कायद्याच्याही वर हा एक हात ठेवायचा, हे कसे? हा अधिकार म्हणजे राजेशाहीचा मागे राहिलेला अवशेष तर नव्हे? माझ्या अल्प बुद्धीप्रमाणे या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम हा अधिकार नेमका काय आहे ते पाहू. कलम ७२ राष्ट्रपतींना व कलम १६१ राज्यपालांना तो देते. आपण सरसकट 'माफी' म्हणतो, परंतु घटनेत त्याचे निरनिराळे प्रकार आहेत. पूर्ण क्षमा म्हणजे गुन्ह्याचा डाग व शिक्षा दोन्ही पुसणे. शिक्षा सौम्य करणे म्हणजे तिचा प्रकार बदलणे. फाशीची जन्मठेप करणे हे त्याचे नेहमीचे उदाहरण. सूट देणे म्हणजे प्रकार तोच ठेवून मुदत कमी करणे. काही विशेष कारणाने हलकी शिक्षा देणे हा आणखी एक प्रकार, आणि शिक्षेची अंमलबजावणी काही काळ थांबवणे हा शेवटचा. फाशीच्या कैद्याचा अर्ज साधारणतः आधी राज्यपालांकडे जातो, आणि तेथे नामंजूर झाल्यास राष्ट्रपतींकडे.

हा अधिकार मूळचा राजाचा. राजाच्या क्षमेचा विचार करायला महाड-पोलादपूरच्या माणसाने लांब जाण्याचे कारण नाही. रायगड आपल्या महाड तालुक्यातच आहे. ३ एप्रिल १६८० रोजी शिवाजी महाराजांचे रायगडावर निधन झाले, तेव्हा संभाजीराजे पन्हाळ्यावर होते. अण्णाजी दत्तो आदी कारभाऱ्यांनी राजाराम महाराजांना गादीवर बसवले आणि संभाजीराजांना कैद करण्याचा बेत रचला. सेनापती हंबीरराव मोहिते संभाजीराजांच्या बाजूने उभे राहिले आणि बेत फसला. संभाजीराजे रायगडावर आले, कट करणारे कैदेत पडले. पण जानेवारी १६८१ मध्ये राज्याभिषेक झाला त्या सुमारास राजांनी त्यांना मोकळे केले, इतकेच नव्हे तर पुन्हा कारभारात पदे दिली. त्याच वर्षी दुसरा कट उघडकीला आला. या वेळी क्षमा झाली नाही. अण्णाजी दत्तोंसह अनेकांना देहदंड झाला, आणि त्यांत बाळाजी आवजी चिटणीसही होते.

या प्रसंगावरून कोणी म्हणेल, बघा, क्षमा केली ती अंगाशी आली. मला मात्र त्यात दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. पहिली अशी, की गुन्हा राजाविरुद्ध होता, म्हणून क्षमा करणे हाही राजाचा स्वतःचा प्रश्न होता. चुकली तर जोखीम त्याच्याच गळ्याशी होती. दुसरी गोष्ट बाळाजी आवजींची. त्यांना झालेल्या शिक्षेचा राजांना पुढे खेद झाला, असे परंपरा सांगते. त्यांचा मुलगा खंडो बल्लाळ याने पुढे स्वराज्याची एकनिष्ठ सेवा केली, राजाराम महाराजांच्या जिंजीच्या प्रवासात जिवावर उदार होऊन साथ दिली. मुलाला मान देता आला, पण बापाला परत आणता आले नाही. चुकीची क्षमा पुढे सुधारता येते. चुकीचा देहदंड छत्रपतींनाही सुधारता येत नाही.

आता राजे गेले आणि प्रजासत्ताक आले. खून झाला तर तो राष्ट्रपतींविरुद्ध होत नाही. तो कोणाच्या तरी मुलाचा, भावाचा, बहिणीचा होतो. मग राष्ट्रपती क्षमा करतात ती कोणाच्या वतीने? मला वाटते, सगळ्या वादाचे मूळ येथे आहे. राजा स्वतःच्या वतीने क्षमा करी. राष्ट्रपती तुमच्या-माझ्या वतीने करतात.

शिवाय तो निर्णय राष्ट्रपतींचा एकट्याचा नसतोच. मारू राम खटल्यात १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की राष्ट्रपती व राज्यपाल यांनी हा अधिकार मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरायचा आहे. अमेरिकेत तसे नाही. तेथे संघराज्याच्या कायद्याखालील गुन्ह्यांना क्षमा करणे हा अध्यक्षाचा स्वतःचा अधिकार आहे. १९७४ मध्ये फोर्ड यांनी आपल्या आधीच्या अध्यक्षाला, निक्सन यांना, खटला उभा राहण्यापूर्वीच क्षमा केली. डिसेंबर २०२४ मध्ये बायडेन यांनी स्वतःच्या मुलाला क्षमा केली, आणि जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी संसद भवनावरील हल्ल्याशी संबंधित सुमारे दीड हजार लोकांना. आपल्याकडे एका माणसाला इतकी मोकळीक नाही हे चांगलेच आहे. पण त्याचा दुसरा अर्थ असाही होतो, की ज्याला आपण राष्ट्रपतींची दया म्हणतो, ती प्रत्यक्षात गृहखात्यातील एका फाइलीच्या रूपाने टेबलावरून टेबलावर फिरत असते.

महाराष्ट्रात या अधिकाराचा सर्वांत गाजलेला वापर नानावटी प्रकरणात झाला. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातील कमांडर कावस नानावटी यांनी मुंबईत प्रेम आहुजा यांना गोळ्या घातल्या. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना तो कौल पटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, आणि ११ मार्च १९६० रोजी उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली. त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी शिक्षा स्थगित केली आणि नानावटी तुरुंगात न जाता नौदलाच्याच ताब्यात राहिले. सप्टेंबर १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितले, की प्रकरण आमच्यापुढे चालू असताना राज्यपालांना अशी स्थगिती देता येत नाही. नोव्हेंबर १९६१ मध्ये जन्मठेप कायम झाली. पण १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना क्षमा केली. त्यापूर्वी मृताच्या बहिणीची, मॅमी आहुजा यांची, संमती घेण्यात आली होती.

आता याच्या शेजारी दुसरे प्रकरण ठेवतो. नाशिक जिल्ह्यात २००३ साली दरोडा व खुनाचा एक भयंकर गुन्हा घडला. भटक्या जमातीतील सहा गरीब माणसांना त्यात पकडण्यात आले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. त्यांतील एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे पुढे निष्पन्न झाले. आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने पुनर्विचार करून सहाही जणांना निर्दोष सोडले व प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्य शासनाला दिला. त्यांच्या आयुष्याची सुमारे सोळा वर्षे गेली होती. पण ते जिवंत होते, म्हणून निर्दोष सुटले.

ही दोन उदाहरणे शेजारी ठेवण्याचे कारण सुज्ञ वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. एकाला शिक्षा झाली त्या दिवशीच राज्यपालांचा हात पुढे आला. दुसऱ्यांना सोळा वर्षे कोणाचा हात दिसला नाही. नानावटींना क्षमा करणे चूक होते असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच, की ते दार सर्वांसाठी एकाच वेगाने उघडत नाही.

तरीही हा अधिकार काढून टाकावा, असे मला वाटत नाही. नाशिकचे प्रकरणच त्याचे उत्तर आहे. देशातील सर्वोच्च न्यायालयही चुकू शकते, आणि चूक झाली हे कळायला दहा वर्षे लागू शकतात. शिवाय न्यायालय पाहते ते मुख्यतः गुन्ह्याकडे, पुराव्याकडे, त्या दिवसाकडे. त्यानंतर कैदी म्हातारा होतो, आजारी पडतो, त्याचे मन ठिकाणावर राहत नाही, किंवा तो खरोखरच बदलतो. निकाल लागून गेल्यावर हे सारे पाहणारे कोणीतरी हवे. केहर सिंग खटल्यात १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच मान्य केले, की राष्ट्रपती पुरावा पुन्हा तपासून न्यायालयापेक्षा वेगळ्या मतावर येऊ शकतात, आणि तसे केल्याने न्यायालयाचा निकाल रद्द होत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तर घटना समितीत जून १९४९ मध्ये फाशीच रद्द करण्याच्या बाजूने मत दिले होते. तसे झालेले नाही. जोवर फाशी आहे तोवर हे शेवटचे दार असलेच पाहिजे.

मग अडचण कोठे आहे? ती समजावण्यासाठी मला न्यायालयातून थोडे गावात यावे लागेल.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. माझे आजोबा पोलादपूर तालुक्यातील एका गावात शेती करीत. बांधाच्या एका भांडणात त्यांनी गावकीचा निवाडा न मानता कोर्टात साक्ष दिली. गावकीने आमचे घर वाळीत टाकले. नांगरटीला बैल मिळेना, पेरणीला माणूस मिळेना, शिमग्याला पालखी आमच्या दारात येईना. पणजी वारली तेव्हा खांदा द्यायला दुसऱ्या गावचे पाहुणे आले. पुढे काही वर्षांनी गावकीने आम्हाला माफ केले. आजोबांनी दंड भरला, सहाणेवर सगळ्यांसमोर नारळ ठेवून हात जोडले, आणि पुढच्या शिमग्याला पालखी आली. आजी अजून म्हणते, "माफ केलं म्हंत्यात, पन आमचं चुकलं काय ते कुनी सांगितलंच नाय."

तसे प्रकार आपल्या जिल्ह्यात इतके होत, की अखेर महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. तो २०१६ मध्ये विधिमंडळात मंजूर झाला आणि २०१७ पासून अमलात आला. पण मला येथे कायद्यापेक्षा आजीच्या वाक्याचे महत्त्व वाटते. शिक्षेला कारण नव्हते आणि माफीलाही कारण नव्हते. त्यामुळे माफी मिळूनही आमच्या घरात कोणाला सुटल्यासारखे वाटले नाही. ज्या मर्जीने दिले, तीच मर्जी उद्या काढून घेईल, ही धास्ती राहिली. कारण न सांगता केलेली क्षमा ही दया नसते; ती सत्ता असते.

राष्ट्राची क्षमा गावकीच्या माफीपेक्षा मोठी हवी. पण आज तिलाही कारण सांगण्याचे बंधन नाही, आणि तिच्या वेळेचा तर हिशेबच नाही. कोल्हापूरच्या रेणुका शिंदे व सीमा गावित या बहिणींचे प्रकरण पाहा. लहान मुलांना पळवून नेऊन त्यांतील काहींचे खून केल्याबद्दल त्यांना फाशी झाली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. राष्ट्रपतींनी त्यांचा अर्ज २०१४ मध्ये फेटाळला. पण जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची फाशी रद्द करून जन्मठेप दिली, कारण अर्जाच्या फाइलीला अक्षम्य विलंब झाला होता आणि त्याचा दोष मुख्यतः राज्य शासनाकडे जात होता. पुण्याच्या २००७ मधील एका खून-बलात्कार खटल्यातही तेच घडले. राष्ट्रपतींनी अर्ज फेटाळल्यावरही अंमलबजावणीत इतका काळ गेला, की २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने फाशीऐवजी ३५ वर्षांची शिक्षा दिली. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली आणि दयेच्या अर्जांसाठी प्रत्येक राज्याने स्वतंत्र कक्ष स्थापावा असे सांगितले.

न्यायालयांचे हे निकाल मला योग्य वाटतात. उद्या फास की परवा, या विचारात माणसाला वर्षानुवर्षे ठेवणे ही दुसरी शिक्षा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शत्रुघ्न चौहान खटल्यात म्हटले आणि एकदम पंधरा जणांची फाशी रद्द केली. परंतु आपण त्या मुलांच्या आईबापांचाही विचार करू या. राष्ट्रपतींनी सर्व पाहून क्षमा केली असती, तर निदान कोणीतरी विचार करून निर्णय घेतला असे त्यांना वाटले असते. येथे निर्णय केला तो धूळ खात पडलेल्या फाइलीने. न्याय मागणाऱ्यालाही उत्तर मिळाले नाही, आणि दया मागणाऱ्यालाही नाही.

म्हणून हा अधिकार राहावा, पण तीन गोष्टींसह, असे माझे मत आहे.

पहिली गोष्ट मुदतीची. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७२ व्या कलमात काही मुदती आल्या आहेत. फाशीच्या कैद्याने तुरुंग अधीक्षकाकडून अपील फेटाळल्याची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत अर्ज करावा. राज्यपालांनी तो फेटाळल्यास ६० दिवसांत राष्ट्रपतींकडे जावे. राज्य शासनाचे अभिप्राय व कागदपत्रे आल्यापासून ६० दिवसांत केंद्राने शिफारस करावी. हे स्वागतार्ह आहे. पण राज्याने अभिप्राय किती दिवसांत द्यावा, याला मुदत नाही, आणि राष्ट्रपतींच्या निर्णयालाही नाही. कोल्हापूरची फाइल अडली ती नेमकी राज्याच्या पायरीवर. कैद्याला तारीख आणि कचेरीला मोकळीक, हा न्याय उलटा आहे.

दुसरी गोष्ट कारणांची. क्षमा करा अथवा नाकारा, पण का ते लिहा आणि जाहीर करा. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंध्रच्या राज्यपालांनी एका राजकीय कार्यकर्त्याला दिलेली सूट रद्द केली, कारण तिच्यामागे पक्षाचा विचार दिसत होता. कारणे आधीच उघड असती, तर असे करण्याची हिंमत कमी झाली असती. नव्या संहितेत तर राष्ट्रपती-राज्यपालांच्या या निर्णयाची चौकशी कोणत्याही न्यायालयात होणार नाही, असे म्हटले आहे. दार बंद करायचे असेल तर निदान खिडकी तरी उघडी ठेवावी.

तिसरी गोष्ट, ज्याचे माणूस गेले त्याचे ऐकण्याची. आपल्या क्षमेत ही गोष्ट कधी धरली गेली, कधी सोडली गेली. नानावटींच्या वेळी मृताच्या बहिणीची संमती मोलाची ठरली. उलट गांधीजींच्या खुनाबद्दल नथुराम गोडसे व नारायण आपटे यांना फाशी झाली, तेव्हा गांधीजींचे पुत्र मणिलाल व रामदास यांनी फाशी देऊ नये अशी विनंती केली होती. ती मान्य झाली नाही, आणि १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याच्या तुरुंगात फाशी झाली. माझ्या मते दुखावलेल्या घराचे म्हणणे प्रत्येक वेळी विचारावे व लिहून घ्यावे, पण निर्णय त्यांच्यावर सोपवू नये. खेड्यात राहिलेल्याला याचे कारण सांगायला नको. संमती पैशाने घेता येते, धाकाने घेता येते. गरीब घराच्या खांद्यावर माफीचे ओझे टाकले, तर श्रीमंत आरोपीच्या ते फारच सोयीचे होईल.

कोणी म्हणेल, मुदत, कारणे, सुनावणी असे सगळे नियम घातले तर मग दया उरली कोठे? दया नियमात बसत नाही. हा आक्षेप खरा आहे, व्यक्तीच्या बाबतीत. आईने मुलाला क्षमा करताना कारण लिहायचे नसते, कारण ती स्वतःच्या अंतःकरणातून देते. राष्ट्रपती देतात ते सर्वांच्या ठेवीतून. दुसऱ्यांची ठेव खर्च करणाऱ्याने हिशेब ठेवायचा असतो.

महाडमध्ये १९२७ साली डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक चवदार तळ्यावर गेले, ते कोणाची मेहेरबानी मागायला नव्हे. सार्वजनिक पाण्यावरचा हक्क बजावायला गेले. पुढे १९३७ मध्ये उच्च न्यायालयातही तो हक्क टिकला. मेहेरबानी आणि हक्क यांतला फरक या गावाने देशाला दाखवला आहे. क्षमा हा कोणाचा हक्क नाही, हे मला मान्य आहे. पण आपला अर्ज वेळेत वाचला जावा, विचार करून ठरवला जावा आणि ठरले ते कारणांसह कळवले जावे, हा मात्र प्रत्येकाचा हक्क आहे : नौदलाच्या कमांडरचा, नाशिकच्या त्या सहा जणांचा, आणि ज्यांची लेकरे गेली त्या आईबापांचाही. राष्ट्रप्रमुखाला क्षमेचा अधिकार असावा काय, या प्रश्नाला माझे उत्तर 'असावा' असेच आहे. मात्र तो राजाच्या हातातला नसावा. आपल्याला उत्तर देण्यास बांधलेल्या माणसाच्या हातातला असावा.